डावं दार

मामाजी, तुमची तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी, तुमच्याच शेडमध्ये उभं राहून, मी खोटं बोलले. फार मोठं नाही. एका माणसानं प्रश्न विचारला आणि मी "नाही" म्हटलं, एवढंच. पण ज्या हातांना मी लहानपणापासून ओळखते, ते हात मी त्या एका शब्दानं नाकारले.

तुमचे दोस्त मला म्हणाले, तू लिहितेस, मग मामावर चार शब्द लिही. कुशल कारागीर, दिलदार माणूस, असं काहीसं त्यांच्या मनात असणार. मीही तसंच लिहायला बसले होते. जमेना. जे घडलं ते आधी तुम्हाला सांगितल्याशिवाय तुमच्याबद्दल एकही चांगलं वाक्य लिहायचा मला हक्क नाही.

गाडीची गोष्ट तुम्ही इतक्या वेळा सांगितलीत की ती मला तुमच्याच आवाजात आठवते. तुमसरकडच्या खाणीवरचा कुणी साहेब ती मागे सोडून गेला. लाल, विलायती, दोन सीटची, उघड्या टपाची, पळण्यासाठीच जन्मलेली गाडी. पुढे ती एका विटाभट्टीवाल्याच्या आवारात कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून टर्नर म्हणून तुम्ही नुकते निवृत्त होऊन साकोलीत हायवेच्या कडेला राहायला आला होता. भट्टीवाल्याचा बंद पडलेला ट्रॅक्टर तुम्ही चालू करून दिला आणि मोबदल्यात ती गाडी दोरानं ओढत घरी आणली. तेव्हा मामी म्हणाली होती, "एक भंगार घरी येऊन बसलं होतं, त्याच्या मांगून आता दुसरं आलं."

घराच्या पुढ्यात टिनाचं शेड उभं राहिलं आणि गाडीचा नवा जन्म सुरू झाला. इंजिन तुम्ही मूळचंच ठेवलंत, पुन्हा जिवंत केलंत. बाकी मात्र साहेबाच्या गाडीत साहेबाचं फारसं काही उरू दिलं नाहीत. धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यावर तिचं पोट घासायचं, म्हणून जीपचे कमानपाटे लावून तिला उंच केलंत. मागे धानाची दोन पोती मावतील असं लोखंडी कॅरिअर बसवलंत. उन्हासाठी टिनाचं टप. आणि समोर बसचा भोंगा, ज्यानं साकोलीच्या बाजारातली गुरं दोर तोडून पळायची. उंच केल्यामुळे ती प्रत्येक खड्ड्यात उडी मारायची. पोरं तिला 'बोकड' म्हणू लागली. तुम्हाला राग आला नाही. "बोकड तं बोकड," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्याच्या घरी बकरी बी नाई."

मामाजी, तुम्ही नम्र माणूस नव्हता. माणूस गेला की त्याला नम्र करून टाकायची आपल्याकडे रीत आहे, मी ते करणार नाही. चहाला थांबलेल्या ट्रक ड्रायव्हरलाही तुम्ही हाताला धरून शेडमध्ये न्यायचा. "हे कोणी बनवलं, विचार."

"कोणी बनवलं?"

"म्या."

मग पुढची वस्तू. "हे कोणी बनवलं, विचार."

मला लाज वाटायची तेव्हा. शाळेतल्या मैत्रिणी सोबत असल्या तर मी तुम्हाला ओळख दाखवत नसे, अशी ती लाज. आताची वेगळी आहे.

मी बाबांच्या पत्रकांवर वाढले. इतर घरांत पोरं बाराखडीच्या पुस्तकावरून वाचायला शिकतात, मी 'बिडी कामगार बंधू-भगिनींनो' यावरून शिकले. तलावात मासे धरणाऱ्यांचा हक्क, तेंदूपत्त्याचा भाव, रोजगार हमीची थकलेली मजुरी, सगळं आमच्या घरात पिवळ्या आणि गुलाबी कागदावर छापून यायचं, आणि बाबांनी आणि मी ते पवनीपासून साकोलीपर्यंत वाटलेलं आहे. अकरावीत असताना मी तुम्हाला म्हणाले होते, "दोन सीटची गाडी ही कल्पनाच माणसांविरुद्ध आहे, मामाजी. बाकीच्यांनी कुठे बसायचं?"

तुम्ही पाना खाली ठेवून माझ्याकडे पाहिलंत. "भाषणबाई, तू मांगं धानाच्या पोत्यावर बस. झाल्या तीन सीट."

पण एका बाबतीत तुम्ही मला सोडत नव्हता. हा वाद आपण दहा वेळा घातला असेल आणि तो कधी संपला नाही. "तुह्या बापाच्या कागदात श्रमिक रायते," तुम्ही म्हणायचा. "कोणता श्रमिक? त्याचं नाव काय, गाव काय? एकाचं बी नाव लिवत नाई तुमी लोकं."

"नाव लिहिलं की ती एकाची तक्रार होते," मी म्हणायचे. "नाव नसलं की सगळ्यांची मागणी होते."

"वा वा. म्हणजे सगळे मिळून कोणीच नाई."

मला वाटायचं, तुम्हाला संघटना कळत नाही, तुम्हाला फक्त तुमची बढाई कळते. हे मी तुम्हाला एकदा बोलूनही दाखवलं. तुम्ही हसलात आणि मामीकडे चहा मागितलात.

आता डाव्या दाराकडे यायला हवं. मी सातवीत होते. नागझिऱ्याच्या बाजूनं आपण दोघं परत येत होतो, दिवस कलला होता, आणि झाडीतून एक रोही, म्हणजे नीलगाय, धावत रस्त्यावर आली. एवढं घोड्यासारखं जनावर, तुम्ही त्याला वाचवायला गाडी वळवलीत आणि डावी बाजू सागाच्या खोडावर जाऊन आदळली. डाव्या सीटवर मी होते. दार उघडून मी बांधीच्या चिखलात फेकली गेले. कपाळाच्या वर, केसांच्या आत, त्याची खूण अजून आहे. तुम्ही धावत आलात, मला उचललंत आणि ओरडलात, "भाषणबाई, जिती हायेस का?" मी विचारलं, "रोहीचं काय झालं?" तेव्हा तुम्ही मला छातीशी धरून हसत होता आणि रडत होता. रोही कधीच निघून गेली होती.

माझ्या कपाळाला चार टाके पडले आणि गाडीचं डावं दार, डावं मडगार्ड कामातून गेलं. तसला पत्रा हिंदुस्थानात मिळणार कुठे? तुम्ही साधा पत्रा आणलात, उजव्या बाजूला कागद लावून तिचे आकार उतरवले, ते उलटे केले आणि रेतीच्या थैलीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकायला बसलात. ठोकायचं, उजव्या बाजूला लावून पाहायचं, पुन्हा ठोकायचं. लोक म्हणायचे, खड्ड्यात पुट्टी भरा, वरून रंग मारा, कोण पाहते. "मले दिसते ना," तुम्ही म्हणायचा. दार बसलं त्या दिवशी तुम्ही मला डोळे मिटायला लावून दोन्ही बाजूंनी हात फिरवायला लावला. कोणती बाजू कोणती, मला सांगता आलं नाही.

तर मामाजी, हे सगळं मला माहीत होतं. मला कोणी सांगायची गरज नव्हती.

गाडी विकायचं मामीनं ठरवलं. तुमचा शेवटचा आजार चालू असताना नाही, तेव्हा तिनं शब्द काढला नाही. तेरवीच्या आधी दोन दिवस ती मला म्हणाली, "बाई, मले शेड पायजे." तिला तिथं खानावळ घालायची आहे. ट्रकवाले किती वर्षं विचारून जात होते, इथं जेवण मिळते का. ते विचारायचे तेव्हा मामी तुमच्याकडे पाहायची आणि तुम्ही गाडीकडे पाहायचा. घराची रस्त्यावर उघडणारी तेवढीच एक जागा, आणि तिथं बोकड उभा. आपण दोघं इतके वाद घालायचो, पण हा विषय आपल्या वादात कधी आला नाही.

पुण्याच्या एका हौशी संग्राहकानं तुमच्यामागे बराच काळ तगादा लावला होता, त्याला तुम्ही फोनवर काय काय ऐकवलं होतं ते घरात सगळ्यांना पाठ आहे. मी त्यालाच फोन लावला. त्यानं आपला माणूस पाठवला, देवधर नावाचे. जुन्या गाड्यांची किंमत ठरवणं हाच त्यांचा व्यवसाय. मी त्यांच्याबद्दल वाईट लिहिणार होते, पण तेही खोटं झालं असतं. ते आले, चपला बाहेर काढल्या, तुमच्या फोटोसमोर हात जोडून उभे राहिले, मामीनं दिलेला चहा पूर्ण प्याले. मग गाडीपाशी गेले आणि चेहरा बदलला. देवळात जावं तसा झाला.

इंजिनचा नंबर आणि सांगाड्याचा नंबर त्यांनी बॅटरी मारून वाचला. "जुळतात!" ते म्हणाले. "हे मिळत नाही हो. बहुतेकांनी दुसरी इंजिनं घातलेली असतात, मग गाडीची किंमत निम्म्यावर येते."

मामीनं माझ्याकडे पाहिलं. मग ते एकेका गोष्टीपाशी थांबू लागले.

"हे उंच कोणी केलं?"

"माझ्या मामांनी," मी म्हटलं. "आमच्याकडचे रस्ते तसे आहेत."

"असतील. पण गाडीची चालच गेली. तरी नशीब, मूळच्या जागी बोल्टनं लावलंय, काढता येईल. जे काढून मूळपदावर आणता येतं त्याचं नुकसान कमी." मग कॅरिअर. "अरेरे. इथे भोकं पाडलीत बॉडीला. ही भरून घेतली तरी कळतात." मग भोंगा.

"तो मी देत नाई," मामी मध्येच म्हणाली. "तो पोळ्याले लागते."

"ठेवा, काकू, ठेवा," देवधर हसले. "तो गेला तर उलट दोन पैसे वाढतील."

रंगाचंही तसंच. मूळचा रंग उडून पडलेला असता तरी तुमच्या नव्या रंगापेक्षा जास्त मोलाचा ठरला असता, असं ते म्हणाले. मला राहवलं नाही. "म्हणजे जी गाडी जगली तिला कमी भाव, आणि जी झाकून ठेवली तिला जास्त? हा कुठला न्याय?"

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, बदललेल्या गाडीत एका माणसाची गरज असते, एका माणसाची आवड असते. ती दुसऱ्याला कशी विकणार? मूळ गाडी कोणाचीच नसते, म्हणून ती कोणीही घेऊ शकतो." मामाजी, हे जवळजवळ मीच तुम्हाला सांगत आले होते, पत्रकात नाव का नसावं ते.

पण तेव्हा हे मनात आलं नाही. तेव्हा एवढंच दिसत होतं की तुमच्या एकेका करामतीवर हा माणूस बोट ठेवतोय आणि भाव उतरतोय, आणि मामी पदराचं टोक पिळतेय. मला जिंकायचं होतं. कशात, ते ठाऊक नव्हतं, पण जिंकायचं होतं.

आणि ते डाव्या बाजूला आले. खिशातून लोहचुंबक काढून त्यांनी दारावर, मडगार्डवर सगळीकडे लावून पाहिलं. सगळीकडे चिकटलं, कारण पुट्टीचा कण नव्हता. बोटाचं पेर वाजवून त्यांनी कान दिला. खाली बसून एका डोळ्यानं पत्र्याच्या कडेवरून नजर लावली. मग उभे राहिले आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात कंपनीचं काम. असा हात आता राहिला नाही."

तुम्हाला जाऊन दोन आठवडे झाले होते, मामाजी. खरंच राहिला नव्हता.

"ही बाजू कधी ठोकली बिकली नाही ना?" त्यांनी विचारलं. "अपघात वगैरे?"

मी म्हटलं, "नाही."

त्या दारातून मी स्वतः फेकली गेले होते. केसांखाली खूण घेऊन मी त्यांच्यासमोर उभी होते. आणि मी "नाही" म्हटलं, अगदी सहज, जसं कोणी विचारावं पाऊस आहे का आणि आपण म्हणावं नाही.

देवधरांनी आकडा सांगितला तो मी इथे लिहीत नाही. मामी खाली बसली एवढं सांगते. सकाळी ट्रेलर येईल, असं ठरवून ते भंडाऱ्याला मुक्कामाला निघून गेले.

खरं सांगायचं तर मला तासभर फार आनंद होत होता. पुण्याचा तज्ज्ञ आणि साकोलीचं दार! त्याला ओळखता आलं नाही! मला वाटलं, हा तुमचा विजय आहे. मी मामीला तसं म्हटलंसुद्धा. ती अंगणात दिवेलागणीच्या आधीची झाडझूड करत होती. झाडू थांबला नाही.

"मंग तू सांगतलं काहून नाई?" ती म्हणाली.

"काय?"

"हे यायनं बनवलं म्हणून."

"मामी, भाव पडला असता ना."

"हाव," ती म्हणाली. "पडला असता." तिनं कचरा कोपऱ्यात लोटला. "मी चूप होती. मले वाटलं, तू सांगशीन. तुले बोलता येते."

तिनं एवढंच म्हटलं. रागानं नाही. जेवताना मला दुसऱ्यांदा भात वाढला, रोजच्यासारखा.

कामगारानं घडवलेली वस्तू दुसऱ्याच्या नावावर विकली जाते. हे वाक्य मी किती पत्रकांत लिहिलंय? त्यातला राग खरा होता. कोणी मालक, कोणी ठेकेदार, कोणी व्यापारी माझ्या डोळ्यासमोर असायचा. आता पाहिलं तर कोणी मालक नव्हता. त्या विलायती कंपनीनं तुमचं दार मागितलं नव्हतं, ती बिचारी कुठे आहे की नाही हेही मला माहीत नाही. देवधरांनी तर सरळ विचारलं होतं. तुमचं काम मी आपणहून उचललं आणि तिच्या पदरात टाकलं, कारण तिच्या नावावर ते महाग होतं. आयुष्यभर ज्या माणसानं प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला "कोणी बनवलं, विचार" म्हटलं, त्याच्याबद्दल अखेर एकानं मनापासून विचारलं, आणि उत्तर द्यायला मी होते.

देवधरांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. त्या संध्याकाळी मी फोन केला नाही. सकाळी समोरासमोर सांगणं जास्त सभ्य, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे सकाळपर्यंत मामीच म्हणेल, जाऊ दे आता, अशी मला आशा होती. मामी तसं काही म्हणाली नाही.

ट्रेलर आला. माणसांनी बोकडाला ढकलत फळीवर चढवलं, पट्टे आवळायला घेतले. शेजारपाजारचे लोक जमले होते. सभेत माइक बंद पडला तरी माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो, हे तुम्हीच लोकांना सांगायचा. त्या सकाळी देवधर माझ्यापासून हातभर अंतरावर होते आणि त्यांना दोनदा "काय म्हणालात?" विचारावं लागलं.

"डावं दार आणि मडगार्ड कंपनीचं नाही," मी म्हटलं. "अपघात झाला होता. गाडीत मी होते. ते नंतर हातानं बनवलंय. काल मी खोटं बोलले."

त्यांचा विश्वास बसेना. ते माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहू लागले. "ताई, घरातलं माणूस गेलं की आपल्याला त्यांची आठवण सगळीकडे दिसते. मी समजू शकतो. पण हे हातानं होत नाही. यंत्र लागतं, साचे लागतात."

मी काही बोलणार तोच मामी पुढे आली. "आतून हात घाला," ती म्हणाली.

देवधर घुटमळले. मग पेचकस मागवला, ट्रेलरवर चढले, दाराच्या आतल्या बाजूचं अस्तर सोडवलं आणि आत हात घातला. बाहेरून ते दार आरशासारखं सपाट आहे. आतून मात्र ते सगळं हातोड्याच्या ठशांनी भरलेलं आहे, वारा सुटल्यावर तलावाचं पाणी दिसतं तसं. त्यांचा हात बराच वेळ आतच राहिला.

"किती दिवस लागले?" त्यांनी विचारलं. आता ते मला नाही, मामीला विचारत होते.

"दोन पावसाळे," मामी म्हणाली. "ठोकून ठोकून रेतीची थैली फाटे. मी ताडपत्री दुहेरी करून, दाभणानं शिवून देत होती. थैली ढिली झाली का पत्र्याले पोक येते म्हणत. म्हणून रेती बी मीच भरून देऊ, माप माह्या हाताले बसलं होतं."

देवधर खाली उतरले. ते मला रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मला हे मालकांना कळवावं लागेल. भाव उतरेल, काकू. या जातीच्या गाडीत मूळचा पत्रा नसणं हा मोठा दोष धरतात. परदेशातून मूळचं दार शोधून मागवतील आणि हे काढून टाकतील."

"काढून टाकाचंच हाय तं इथंच काढा," मामी म्हणाली. "नेता कायले?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. त्यांच्या हिशेबात चुकीचं दार आणि नसलेलं दार, दोन्ही सारखंच होतं. मामी म्हणाली, भाव उतरला तं उतरला, शेड तं मोकळं होते.

माणसं पाने घेऊन दार सोडवू लागली. देवधरांनी फोन काढला. गाडीची हकीकत लिहावी लागते, ते म्हणाले, कोणी कधी काय बदललं ते सगळं. "हे कोणी केलं? पूर्ण नाव सांगा."

विचारलं त्यांनी मामीलाच. आणि मामी माझ्याकडे पाहू लागली. मग मला कळलं. ती तुमचं नाव घेत नाही. लग्न झाल्यापासून तिनं तुमचं नाव घेतलेलं नाही, बँकेत नाही, दवाखान्यात नाही, तेरवीच्या दिवशी महाराजांनी विचारलं तेव्हाही नाही. काल ती गप्प का राहिली आणि मी बोलेन असं तिला का वाटलं, त्याचं एक कारण हेही होतं. जमलेल्या सगळ्या माणसांत ते नाव घेणं माझं काम होतं.

"हिरामण लांजेवार," मी म्हटलं. "साकोली."

"हे मला दोष म्हणूनच लिहावं लागेल, ताई."

"लिहा," मी म्हटलं. "पण नावासकट लिहा."

त्यांनी लिहिलं, अक्षरं मला दाखवून, बरोबर आहे ना विचारून. मामाजी, त्या संग्राहकाच्या कागदपत्रांत, गाडीच्या उणिवांमध्ये, आता तुमचं पूर्ण नाव आहे. श्रमिक असं नाही लिहिलेलं.

दार शेडमध्ये ठेवून ट्रेलर हायवेला लागला. गाडीची उजवी बाजू साहेबाची, लाल, चकचकीत, आणि डावी बाजू उघडी, आतल्या तारा आणि सीटच्या स्प्रिंगा दिसणारी. लोक हसत होते. कोणीतरी ओरडलं, "बोकड सोलला रे!" मलाही हसू आलं आणि क्षणभर अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

मामी खाली बसून धुळीतले स्क्रू वेचत होती. एकेक उचलून पदरात टाकत होती. तिच्या अंगठ्याजवळ कातडी जाड झालेली आहे, जुनी, पिवळट. ती खूण मी आयुष्यभर पाहत आलेय. मला वाटायचं, विळ्याची असेल. त्या वेळी मला समजलं की ती दाभणाची आहे.

थैली तिनं शिवली होती. रेती तिनं भरली होती. थोड्या वेळापूर्वी तिनं ते सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मीही ऐकलं होतं. आणि तिच्याच तोंडावर, कोणी केलं असं विचारल्यावर, मी एक नाव सांगून मोकळी झाले होते.

"मामी," मी म्हटलं, "तुझं नाव राहिलं."

"माह्यं कायले?"

"थैली तू शिवलीस ना."

"थैली शिवली म्हणून का दार झालं?" ती म्हणाली आणि उठली. "चाल, भात टाकाचा हाय."

मी देवधरांना फोन लावला. मागे गाड्यांचा आवाज होता, त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मला ओरडावं लागलं. अजून एक नाव लिहा, मी म्हटलं. कोणाचं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सुभद्रा लांजेवार." त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा ओरडले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

तुमच्या घरात हे नाव मी मोठ्यानं कधी ऐकलं नव्हतं, मामाजी. तुम्ही तिला "अवो" म्हणायचा, "ऐकते का" म्हणायचा. शेडमध्ये आलेल्या प्रत्येकाला तुम्ही "म्या बनवलं" सांगितलंत, आणि तेव्हा बहुतेक वेळा ती चहाचे कप घेऊन मागेच उभी असायची. तुमचं नाव घ्यायचं नाही हा तिच्यावर रिवाज होता. तिचं नाव घ्यायचं नाही असा रिवाज तुमच्यावर नव्हता, माझ्यावर तर नव्हताच. हा वाद मी तुमच्याशी घालणार होते असं म्हणवत नाही. आपण दोघं यात एकाच बाजूला होतो.

मामीनं मला हाक मारली तेव्हा पानं वाढलेली होती. ती माझ्यासमोर जेवायला बसली, पण तिनं वर पाहिलं नाही, आणि मलाही तिच्याकडे पाहवलं नाही.